अ‍ॅम्ब्युलन्सची परवानगी

"एवढा घाम कशाचा हो, हेंद्रे?" मी विचारलं.

"जिने चढून..." असं म्हणता म्हणता ते थांबले, कारण जिने अजून चढायचेच होते. दुधाच्या पिशव्या घेऊन ते बाहेरून आले होते आणि गेटवर माझ्यासमोर उभे होते.

"नाही म्हणजे, डेअरीपासून भरभर आलो ना," ते म्हणाले. कपाळ पुसलं आणि माझ्या डोक्यावरून मागच्या मीटरच्या पेटीकडे बघायला लागले.

सन दोन हजार वीसचा जुलै, रविवारची सकाळ, साडेसातची वेळ. हवा चांगली गार होती. मी स्वेटर घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. ताप मोजायची बंदूक त्यांच्या कपाळासमोर धरली, सत्त्याण्णव पॉइंट आठ. बोटाला ऑक्सिमीटर लावला, शहाण्णव. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि जा म्हटलं. ते गेले तसा मी मान वाकडी करून जिन्याकडे बघत राहिलो. पहिल्याच वळणावर त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि कठडा धरून उभे राहिले. छपन्न वर्षांचा माणूस, तिसऱ्या मजल्यावर राहणारा, तीन महिने रोज हे जिने चढत होता. लिफ्ट मीच बंद केली होती, बटणांना बारा घरांची बोटं लागतात म्हणून. तीन महिन्यांत कधी न थांबलेला माणूस आज थांबला. ह्याला कोरोना झालाय आणि हा लपवतोय, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

असं ठरवायची मला सवयच होती. मी थोरवत. एसटीत एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा तिकीट तपासनीस म्हणून. गाडीत पाय ठेवला की तिकीट मागायच्या आधी मला कळायचं, विनातिकीट कोण आहे ते. तो तुमच्याकडे बघत नाही, आणि काही विचारलं की गरजेपेक्षा एक उत्तर जास्त देतो. निवृत्त झालो, कराडात कृष्णाकाठ अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेतला, सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तरी ती नजर काही गेली नाही. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्याचं तिकीट बघाल.

बायकोचं नाव मंदा. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर सोमवारी आणि दर गुरुवारी चार-चार तास डायलिसिस, त्यात हयगय चालायची नाही. एक पाळी चुकली की पायांवर सूज, दोन चुकल्या की छातीत पाणी. लॉकडाऊन लागल्यापासून तिच्या हॉस्पिटलनं एक नियम काढला होता. दर सोमवारी सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीच्या सहीचं पत्र आणायचं, की आमच्या इमारतीत कोरोनाचा रुग्ण नाही आणि संशयितही नाही. पत्र नाही तर मशीन नाही. पत्र मीच लिहायचो, पण खोटं पत्र लिहायची माझी तयारी नव्हती. खोटं तिकीट मी जन्मात कधी चालवून घेतलं नव्हतं.

जूनमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाच्या इमारतीला पत्रे ठोकले. तिथं एका घरी अ‍ॅम्ब्युलन्स आली, मागोमाग नगरपालिकेची माणसं आली, आणि संध्याकाळच्या आत बांबू बांधून सगळी वाट बंद. आत मंदासारखेच एक डायलिसिसवाले आजोबा होते. त्यांच्या दोन पाळ्या हुकल्या. सहाव्या दिवशी पत्रे बाजूला सारून त्यांना बाहेर काढलं, ते चादरीत गुंडाळूनच. मंदानं हे गॅलरीतून बघितलं, आत आली आणि कणीक मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं, खडूनं गोल आखून एकेकाला उभं केलं आणि सरळ सांगितलं की ह्या गेटवर अ‍ॅम्ब्युलन्स आली तर दुसऱ्या दिवशी पत्रे येतील, आणि पत्रे आले तर माझी बायको मरेल. मग नियम वाचून दाखवला. सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय कोणीही अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची नाही. बारा घरांच्या बारा सह्या झाल्या. हेंद्र्यांनीही केली. कुणी एक शब्द विचारला नाही, आणि मला वाटलं, काय माणसं आहेत आपल्याकडे, किती समजूतदार.

हेंद्र्यांवर माझा आधीपासून डोळा होता, हे खरं. पेठेत त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. शाळा बंद, दुकान बंद. मे महिन्यात उंदरांनी माल कुरतडला म्हणून हे गुपचूप जाऊन दोन गठ्ठे घेऊन आले. मी गेट उघडलं नाही. गठ्ठ्यांवर, चपलांवर, पिशवीवर औषध मारायला लावलं आणि ते वाळेपर्यंत त्यांना बाहेर रस्त्यावर उभं केलं. मे महिन्याचं ऊन, सव्वा तास. वरून सगळ्या गॅलऱ्यांतनं माणसं बघत होती, त्यांची बायको शैलजावहिनी पण बघत होत्या. हेंद्रे खाली मान घालून उभे राहिले. मी मनात म्हटलं, चला, ह्यांना शिस्त लागली.

तर त्या रविवारी मी घरात आलो आणि मंदाला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर गडबड आहे. तिनं विचारलं, ताप आहे का त्यांना? मी म्हटलं, नाही, म्हणजे गोळी घेऊन उतरवला असणार. खोकला? तो माझ्यासमोर दाबला असणार. मंदा हसली. म्हणाली, "अहो, काय होतंय म्हणून त्यांनाच विचारा की."

"विचारलं की खोटं सांगणार."

"मग विचारण्याच्या पद्धतीत खोट असेल," ती म्हणाली. मी ते कानाआड केलं.

दुपारी शैलजावहिनी आमच्या दारात आल्या. बाहेरच्या खडूच्या गोलात उभ्या राहून त्यांनी मंदाकडे पित्ताची पावडर मागितली. मंदा आत डबा शोधायला गेली तसा मी पुढे झालो आणि विचारलं, पित्त कुणाला झालंय? त्या म्हणाल्या, मला. जरा थांबून म्हणाल्या, काल साबुदाणा खाल्ला ना, उपास नव्हता तरी केला होता, शेंगदाण्याचं कूट जास्त पडलं. बघा, गरजेपेक्षा एक उत्तर जास्त. मंदा डबी घेऊन आली तेव्हा वहिनी तिच्याकडे अशा बघत होत्या की काहीतरी बोलायचंय. मी दारातून हललो नाही. त्या डबी घेऊन वर गेल्या.

सोमवारी सकाळी पत्र लिहायचं होतं. "संशयितही नाही" ह्या शब्दांपाशी माझा पेन अडला. मी मास्क लावला, वर हातमोजे चढवले, बंदूक घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. दार उघडायला बराच वेळ लागला. शैलजावहिनींनी उघडलं. हेंद्रे खिडकीजवळ खुर्चीत बसलेले, खिडक्या सताड उघड्या, वर पंखा पाचवर. बाहेर गारठा आणि आत हा पंखा. बनियन घामानं चिकटलेलं. एक हात जबड्याला लावून बसले होते. मला बघून उठायला गेले, पण अर्धवट उठून परत बसले.

मी तिथंच उंबऱ्यावर उभा राहून चौकशी सुरू केली. ते म्हणाले, दाढ दुखते. कुठली? डावीकडची, खालची, पण नीट सांगता येत नाही, सगळाच जबडा ठणकतोय, पार खांद्यापर्यंत. दातांचे दवाखाने तर बंद. ताप घेतला, नव्हता. टीपॉयवर गोळ्यांची पाकिटं दिसली. मला हवं होतं ते मिळालं.

मी सांगितलं की उद्या स्वॅब द्यायचा, नाहीतर मी स्वतः नगरपालिकेला कळवणार. त्यांचा चेहरा आधीच उतरलेला होता, आता पांढरा पडला.

"दाढच आहे हो, साहेब," ते म्हणाले. "दोन दिवस द्या. कमी होईल. मी खाली उतरतच नाही."

ह्या "साहेब" म्हणण्यातही मला काहीतरी काळंबेरं वाटलं. दोन दिवस दिले. बजावलं, की दार उघडायचं नाही, आणि अ‍ॅम्ब्युलन्सचं तर नावही काढायचं नाही. खाली येऊन पत्र पुरं केलं, सही ठोकली आणि मंदाला घेऊन निघालो.

हॉस्पिटलात मंदा मशीनवर गेली की मी खालच्या बाकावर चार तास काढायचो. समोरच हृदयविकाराचा विभाग. एरवी तिथं बसायला जागा नसायची. त्या दिवशी आत दिवेसुद्धा निम्मे बंद होते, आणि ईसीजी काढणाऱ्या लोखंडे सिस्टर दारात एकट्याच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मंदामुळे ओळख झालेली. मी गमतीनं विचारलं, काय सिस्टर, कराडकरांची हृदयं सुधारली वाटतं?

त्या हसल्या नाहीत. मार्चपर्यंत दिवसाला तीन-चार अ‍ॅटॅक यायचे, म्हणाल्या, आता आठवड्याला दोन आले तरी पुष्कळ. अ‍ॅटॅक थांबलेले नाहीत, माणसं यायची थांबलीत. इथं आलं की कोरोना चिकटेल, नाहीतर हे लोक तोच शिक्का मारतील, ह्या धास्तीनं घरात बसतात. कुणी पित्त म्हणतं, कुणी दाढ म्हणतं, कुणी पाठ धरली म्हणतं. आणि येतात तेव्हा तिसरा-चौथा दिवस असतो. "मशीन आहे, डॉक्टर आहेत, औषध आहे," त्या म्हणाल्या. "फक्त वेळेवर माणूस नाही."

मला पहिला विचार काय आला सांगू? विभाग रिकामा पडला म्हणून ह्या गिऱ्हाईक गोळा करताहेत. असाच आला. आणि दुसरा विचार आला तो हेंद्र्यांच्या दाढेचा. घाम, जिन्यातलं थांबणं, पित्ताची पावडर, खांद्यापर्यंतचा ठणका, हे सगळं एका ओळीत माझ्यापुढे उभं राहिलं. मी सिस्टरना विचारू शकलो असतो, खिशात मोबाइल होता, वर फोन करू शकलो असतो. पण हृदय म्हटलं तरी अ‍ॅम्ब्युलन्स आलीच. हॉस्पिटल आधी स्वॅब घेणार, तो येईपर्यंत संशयित म्हणणार, आणि येत्या गुरुवारी मंदाला मशीन नाही. मी ठरवलं की ते म्हणतात ना दाढ, मग दाढच. आणि पेपर उघडून बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी साडेनऊला बेल वाजली. शैलजावहिनी गोलात उभ्या होत्या. केस विंचरलेले नाहीत, मास्क उलटा लावलेला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना दोनदा उलटी झाली. डावा हात उचलवत नाही म्हणतात. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू का?"

नवरा वर तडफडतोय आणि बाई खाली येऊन मला विचारते, बोलवू का. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. नियमच होता. मी विचारलं, ताप? नाही. खोकला? नाही. मग मी हिशेबी आवाजात सांगितलं की अ‍ॅम्ब्युलन्स नको, दुपारी दोनला सगळे आडवे होतात, तेव्हा मागच्या गेटनं माझी गाडी काढतो आणि गुपचूप पोचवतो, तोवर त्यांना झोपवून ठेवा. त्या "बरं" म्हणाल्या आणि वळल्यासुद्धा.

"शैला, थांब."

मंदा माझ्या मागे येऊन उभी होती. एका हाताला डायलिसिसच्या सुयांची पट्टी, दुसऱ्या हातात मोबाइल. ती आकडे दाबत होती. एक, शून्य, आठ.

"मंदा, परवा गुरुवार आहे," मी म्हणालो.

"मला माहितीय कधी गुरुवार आहे ते," ती म्हणाली आणि फोनवर पत्ता सांगायला लागली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पत्ता सांगून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, लिफ्टची किल्ली काढा.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं वर गेली. मी लिफ्ट चालू केली आणि खाली पार्किंगमध्ये उभा राहिलो. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. हेंद्र्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्यासमोरून नेताना त्यांनी मान उचलली, उजव्या हातानं डावा हात वर ओढला आणि कसेबसे दोन्ही हात जोडले.

"माफ करा, साहेब," ते म्हणाले. "नियम मोडला."

हे सगळ्यांनी ऐकलं. ते हात जोडणं पण सगळ्यांनी बघितलं.

मंदानं मला हाकललं म्हणून मी शैलजावहिनींना गाडीत घालून मागोमाग गेलो. तेच हॉस्पिटल, तोच विभाग. आधी स्वॅब, मग कागद, मग ईसीजी. तरणे डॉक्टर होते, अंगभर प्लास्टिक, डोळेच काय ते दिसत होते. त्यांनी वहिनींना विचारलं, दुखायला कधी लागलं?

"शनिवारी संध्याकाळी," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. शनिवारचं दुखणं मंगळवारी आणलंत, म्हणाले. पहिल्या काही तासांत आला असतात तर नस उघडून दिली असती. आता हृदयाचा निम्म्याहून जास्त भाग मेलाय, बघू काय होतंय. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, शेजारी, सोसायटीचा सेक्रेटरी. ते म्हणाले, मग तुमच्या काही लक्षात नाही आलं?

"नाही," मी म्हणालो.

म्हणजे हेंद्रे लपवत होते हे मी बरोबर ओळखलं होतं. काय लपवत होते ते चुकलं होतं, आणि जेव्हा कळलं तेव्हा मीसुद्धा ते लपवलं.

हेंद्रे बुधवारी सकाळी गेले. स्वॅब निगेटिव्ह आला. नगरपालिकेची माणसं आलीच नाहीत, पत्रे ठोकले गेले नाहीत. गुरुवारी मंदाचं डायलिसिस ठरल्या वेळी झालं. जाताना आणि येताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही.

तेराव्या दिवसानंतर पार्किंगमध्ये आम्ही छोटी शोकसभा घेतली, परत खडूचे गोल आखून. दोघं-तिघं चार शब्द बोलले. मग पहिल्या मजल्यावरचे खांडगळे बोलायला उभे राहिले. हे माध्यमिक शाळेत मराठीचे शिक्षक. ते म्हणाले, त्या अवस्थेत माणूस माफी मागतो ती कशाची? नियम मोडल्याची. आणि तो नियम कुणासाठी होता? मंदाताईंच्या जिवासाठी. हेंद्र्यांनी तीन दिवस कळा सोसल्या, तोंडातून हूं काढलं नाही, का? तर शेजारच्या बाईची पाळी चुकू नये म्हणून. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, ते सुटकेचं पाणी होतं. त्या दिवसापर्यंत मला नीट घास जात नव्हता. खांडगळ्यांनी मला वाट काढून दिली. माणूस माझ्या नियमामुळे गेला असं म्हणण्यापेक्षा माणूस माझ्या बायकोसाठी गेला, हे म्हणायला किती सोपं. त्यानंतर मी हे सगळीकडे सांगत सुटलो. एसटीतल्या जुन्या मित्रांना, नातेवाइकांना, डायलिसिसच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या अनोळखी माणसांनासुद्धा. पार्किंगमध्ये हेंद्र्यांचा फोटो लावला, खाली "परोपकारी" असं लिहून घेतलं. हाराचा पहिला मान माझा.

मंदासमोर तर मी कितीदा म्हणालो असेन, देवमाणूस होता, तुझ्यासाठी जीव दिला त्यानं. ती माझ्याकडे बघायची आणि "हं" म्हणायची. रोज दुपारी ती लिफ्टनं वर जाऊन शैलजावहिनींपाशी तासभर बसायची. दोघी भाजी निवडायच्या, वाती वळायच्या. मला वाटायचं, उपकाराची जाण आहे म्हणून जाते. एकदा मी वर त्यांच्यात जाऊन बसलो तर दोघींचं बोलणं थांबलं. बायकांचं काहीतरी असेल म्हणून मी उठून आलो.

त्यानंतर मंदा दोन वर्षं आणि चार महिने जगली. सोमवार आणि गुरुवार एकही चुकला नाही. शेवटी दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात मशीनवरच तिचं बीपी उतरलं ते परत वर आलं नाही.

ते पहिले पंधरा दिवस शैलजावहिनींनी मला दोन वेळचा डबा दिला. मुलगी येऊन परत गेली होती, घरात मी एकटा. सोळाव्या दिवशी दुपारी त्या रिकामा डबा न्यायला आल्या. मी त्यांना बसा म्हटलं. मंदाच्या फोटोसमोर उदबत्ती लावली होती. माझं मन भरून आलं होतं आणि मला कुणाचे तरी आभार मानायचे होते. मी म्हणालो, वहिनी, तुमच्या मालकांनी जीव दिला म्हणून माझ्या मंदाला ही दोन वर्षं मिळाली, हे ऋण मी सात जन्मांत फेडू शकत नाही.

त्यांनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"भाऊजी, आता पुरे करा ते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "मला ऐकवत नाही. त्या तीन दिवसांत आमच्या घरात मंदावहिनींचं नावसुद्धा निघालं नव्हतं."

मी म्हटलं, म्हणजे?

"शनिवारीच मी फोन हातात घेतला होता. ह्यांनी काढून घेतला. म्हणाले, थोरवतांना कळलं तर गेटवर उभं करतील सगळ्यांसमोर, नको. रविवारी तेच म्हणाले. सोमवारी तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर तर बाथरूममध्ये जाऊन कण्हायला लागले, खाली आवाज जाईल म्हणून. त्यांना तुमची भीती वाटायची, भाऊजी. बाकी काही नव्हतं."

"पण त्यांनी हात जोडले," मी म्हणालो. "माफी मागितली."

"भीतीनंच मागितली."

स्वभावाप्रमाणे माझ्या मनात आलंच, की बाई आज का बोलते, हिला काय हवंय, कशाचं उट्टं काढतेय. मी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. त्या सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि सांगायचं तेवढंच सांगून गप्प बसल्या होत्या. तो माणूस मला भिऊन मेला होता, आणि मी सव्वादोन वर्षं त्याच्या फोटोला हार घालत होतो.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोलले होते. मंदावहिनींशी. तुमची ती सभा झाली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"रडल्या खूप. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, शैला, मी आहे तोवर ह्यांना हे सांगू नकोस. मला दर सोमवारी आणि गुरुवारी ह्यांच्याच गाडीत बसायचंय."